खुली जवारी, बंद खिडकी

जुन्या मशीनवर माणसं जीव लावतात हे मला नवीन नाही. पण कॉम्प्युटरला तंबोऱ्याची गवसणी घालून आणणारं गिऱ्हाईक मी बावीस वर्षांत एकच पाहिलं. दस्तगीर शिकलगार, सगळ्यांचे चाचा. मिरजेतल्या तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत त्यांचं दुकान, आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी माझं. माझं म्हणजे आधी वडिलांचं. 'मगदूम कॉम्प्युटर्स' ही पाटी अजून त्यांच्याच वेळची आहे. सगळं गाव नवं घेतं आणि मी जुनं उघडून बसते, असं माझी आई म्हणते, आणि ती कधी कधी खरंही बोलते.

चाचांनी ओझं टेबलावर ठेवलं, गवसणीची नाडी सोडली आणि दुकान दणाणेल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "केतकी, हे चालू करून दे. एकवीस दिवस हायेत आपल्याकडं."

मोठ्यानं, कारण त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. मी काही विचारायच्या आत त्यांनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. आपण बोललेलं तो पडद्यावर लिहून दाखवतो. शहरातल्या शुद्ध मराठीवर शिकलेलं यंत्र ते. मिरजेत आलं की त्याची फे-फे उडते.

"मशीन कुणाचं?" मी विचारलं.

चाचांनी पडदा वाचला. "मावशी? मावशीचा काय संबंध? माझं हाय हे."

हसू आलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून गिळलं. सदुसष्ट वर्षांचा माणूस. कारखान्यातल्या जिन्यावरून चार पायऱ्या घसरला, हातपाय धड राहिले आणि कान गेले. म्हणजे दुसऱ्यांदा गेले. पहिल्यांदा गेले होते ते चौदा वर्षांपूर्वी, तापात.

इथं त्या कानांबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्या कानात आत, शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्यात पंधरा-सोळा हजार केसाळ पेशी. बाहेरचा आवाज त्या पेशी नसेला कळवतात. पेशी मेल्या की माणूस बहिरा होतो, पण मागची नस बरेचदा शाबूत असते. जुन्या पद्धतीत त्या नळीत वीस-बावीस बारीक तारा बसवून नसेला विजेचे झटके देत. पण वीज आत पसरते. एका सुरासाठी दिलेला झटका शेजारच्या दहा सुरांना लागतो. त्यामुळे बोलणं कळायचं, गाणं मात्र सगळं एकमेकांत कालवलेलं. मग २०३०च्या पुढेमागे विजेच्या जागी उजेड आला. एका निरुपद्रवी विषाणूच्या मदतीनं नसेच्या पेशींत उजेडाला जागं होणारं प्रथिन पोचवायचं आणि नळीत केसाएवढ्या बारीक दिव्यांची माळ सोडायची. उजेड टाकाल तिथंच पडतो. बाराशे दिवे, म्हणजे बाराशे वेगळे सूर. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे, लोक 'उजेडाचे कान' म्हणतात, आणि तापानंतर चाचांना तेच बसवले होते.

अडचण एकच होती. कोणता दिवा कोणत्या सुराचा आणि तो किती तेजानं लावायचा, हे प्रत्येक माणसात निराळं. एकेक दिवा लावून विचारत बसावं लागे, हा कसा वाटतो, आधीच्यापेक्षा चढा की उतरा. या जुळणीला नकाशा म्हणत. तो करायला महिने लागत. पुढे हे कान बनवणाऱ्या कंपनीनं लाखो लोकांचे नकाशे एकत्र करून सगळ्यांना चालेल असा 'प्रमाण नकाशा' काढला. पाच मिनिटांत बसतो, बोलणं स्वच्छ ऐकू येतं, आणि वर गोंगाट गाळून मिळतो. मग कोण कशाला महिने घालवतंय? हाताचे नकाशे मागे पडले, ते करणारी केंद्रं बंद झाली. आता कंपनीनं कळवलं होतं की एकवीस दिवसांनी जगातले सगळे उजेडाचे कान प्रमाण नकाशावर जातील. ज्यांच्या कानात स्वतःचा नकाशा चालू असेल आणि कुलूपबंद असेल, तेवढ्यांना हात लावणार नाही. बाकीच्यांचे कान जुने नकाशे पुन्हा कधी घेणार नाहीत. चाचांचा नकाशा त्या पडण्यात पुसला गेला होता आणि त्याची प्रत या मशीनमध्ये होती.

"मग घ्या की प्रमाण," मी म्हटलं. मला खरंच कळत नव्हतं.

चाचा उठले. गल्लीत गेले आणि तंबोरा घेऊन आले. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून तार छेडली. तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते ना, तिथं घोडीचा माथा कानशीनं इतका हलक्या हातानं घासलेला असतो की थरथरणारी तार त्याला पुसटशी शिवत राहते. त्या शिवण्यातून एक झणत्कार उठतो, एका सुराच्या पोटातून दहा सूर निघतात. तीच जवारी. तारेखाली सुताचा दोरा असतो, तो केसभर सरकवला की जवारी उघडते किंवा मिटते. ती जमली तर तंबोरा, नाहीतर दांडीला लावलेला भोपळा.

"ही जवारी," चाचा म्हणाले. "त्या प्रमाणाला ही कचरा वाटती. कंपनीच्या पोरीनं मला नमुना लावून दाखवला हुता. टुण. टुण. टुण. झणकार सगळा गाळून टाकला, आन् वर म्हणती, बघा चाचा, किती स्वच्छ! मी हयातभर तो कचराच करत आलोय, बाई."

एवढ्यात त्यांचा मुलगा मुश्ताक आला. त्यांना शोधतच आला असावा. तो माझ्या वर्गात होता, त्यामुळे माझ्यासमोर भांडायला त्याला लाज वाटत नाही.

"केतकी, तू यांना नादाला लावू नकोस," तो म्हणाला. मग मोबाइलकडे तोंड करून, "अब्बा, जवारी मी लावतो आता. शिकवलंयसा न्हवं तुम्ही? रेश्मा तीन वर्षांची झाली. ती बोलती ते ऐकायचं सोडून ह्या डबड्याच्या मागं काय लागलाय?"

चाचांनी वाचलं. नातीच्या नावावर त्यांचा डोळा थबकलेला मला दिसला.

"एकवीस दिवस," ते म्हणाले. "तवर न्हाई झालं, तर तू म्हणशील ते."

असा करार झाला, आणि मशीन माझ्या गळ्यात पडलं.

मशीन होतं २०३२चं. नकाशा करण्याच्या केंद्रातलंच. केंद्र बंद झालं तेव्हा तिथल्या बाईंनी ते चाचांना देऊन टाकलं होतं, कारण त्यांच्या कानाची आणि या मशीनची जोडी एकदाच जुळवलेली. दुसऱ्या कुठल्याही मशीनचा नकाशा तो कान घेत नाही. सोबत एका खोक्यात जुन्या पद्धतीची फिरती डिस्क दिली होती आणि तिच्यात सगळ्या मशीनची इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल. कधी बिघडलं तर हिच्यातून परत भरता येईल म्हणून. बाई हुशार असणार. कारण मशीनमधली मूळ डिस्क बारा वर्षं विजेविना पडून राहून मेली होती; त्या जातीच्या डिस्का अशाच विसरतात. खोक्यातली मात्र पहिल्या झटक्याला फिरली. मी नवी डिस्क बसवली, तिच्यात इमेज भरली आणि बटण दाबलं.

काळा पडदा. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. बस्स.

हा अनुभव या धंद्यात नवा नाही. इमेज भरली म्हणजे सामान नव्या घरात आलं, पण मशीनला अजून जुन्याच घराचा पत्ता पाठ असतो. ते जागं होतं, पत्त्यावर जातं, तिथं कोणी नाही, म्हणून तिथंच उभं राहतं. प्रत्येक डिस्कला तिचा एक क्रमांक असतो आणि सुरुवातीच्या तुकड्यात तो लिहिलेला असतो. मी तो शोधून नव्या डिस्कचा घातला. मग मशीन दोन पावलं पुढे गेलं आणि म्हणालं की आज १ जानेवारी २००० आहे, तेव्हा मी ज्या किल्ल्या जवळ बाळगतो त्या अजून जन्मलेल्या नाहीत. घड्याळाचा सेल मेला होता. तो बदलला. या सगळ्यात नऊ दिवस गेले, कारण तसला सेल मिळेना. शेवटी एका मोडीतल्या वजनकाट्यातून काढला.

दहाव्या दिवशी एक चौकट आली. *परवलीचा शब्द लिहा.* खाली बारीक अक्षरात: *दहा चुकांनंतर हे यंत्र कायमचे बंद होईल.* ही धमकी मशीनमधल्या एका चिपची असते, आणि ती चिप दिलेला शब्द पाळते. दहा वेळा चुकलं की किल्ली जाळून टाकते. मग इमेज शंभरदा भरा.

शब्द खोक्याच्या झाकणावर लिहिलेलाच होता, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात: *खुली जवारी बंद खिडकी.*

"बैठकीला खिडकी बंद लागायची," चाचांनी सांगितलं. "खाली भाजीबाजार. मॅडम आधी खिडकी लावायच्या, मग म्हणायच्या, हं, आता उघडा तुमची जवारी."

मी इंग्रजीत लिहिलं, कारण मशीन पुरतं जागं होईपर्यंत त्याला इंग्रजी बटणांपलीकडे काही कळत नाही. खुलीला एक ओ की दोन? जवारीला व्ही की डब्ल्यू? सगळं जोडून की सुटं? सात प्रकारे लिहिलं. सातही वेळा चूक. तीन संधी उरल्या आणि मी चुकवत बसले होते दुसऱ्याचे कान.

कॉफी केली. चाचांना अर्धी दिली. मग नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, "त्या बाई मशीनवर कशा बसायच्या, आठवतं?"

मोबाइलनं या वेळी बरोबर लिहिलं. चाचांनी वाचलं आणि ते म्हणाले, "बटणाकडं बघायच्याच न्हाईत. माझ्या तोंडाकडं बघायच्या. मी काय म्हणतोय, कपाळाला आठी पडली काय, सगळं बघायच्या, आन् बोटं खाली आपली चालायची. मराठी टायपिंगची मोठी परीक्षा पास हुत्या. मिनिटाला चाळीस शब्द."

मी कप खाली ठेवला.

मराठी टंकलेखन यंत्र! माझी आत्या शिकलेली आहे, त्यामुळे मला थोडं ठाऊक. त्या यंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. 'ख'ला सबंध बटण नाही, आधी अर्धा ख, मग काना. रफार सगळ्यात शेवटी. 'खिडकी' म्हणजे वेलांटी, अर्धा ख, काना, मग पुढचं. बाईंची बोटं तेच मारत असणार, आणि चौकटीत नुसते ठिपके उमटत असल्यामुळे त्यांना कधी कळलंच नसणार की मशीन त्या मराठीखाली कुठली तरी अगम्य इंग्रजी अक्षरं मोजतंय. झाकणावर शब्द लिहिताना त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. त्यांच्या मते तो तोच शब्द होता.

तक्ता शोधून मी स्वतः मारू शकले असते. पण तक्ते तीन मिळाले आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. माझ्याकडे संधीही तीनच.

"चाचा, त्यांना बोलवावं लागेल."

"नको."

"त्यांच्या बोटांशिवाय हे उघडणार नाही."

"नको म्हणतो न्हवं. बार्शीला भावाकडं असत्यात. वय झालंय त्यांचं. कशाला त्रास?"

"वय काय?"

"माझ्यापेक्षा येक वर्षानं लहान."

एवढा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला पुढे काय विचारायचं? तरी मी विचारलंच. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. "नंबर आहे?"

त्यांनी दहा आकडे एका दमात म्हटले.

"किती वेळा लावलात?"

"येकदाबी न्हाई."

बारा वर्षं न लावलेला नंबर त्यांनी न अडखळता म्हटला होता. चाची जाऊन तेव्हाच पाच-सहा वर्षं झाली होती. मुश्ताकचं लग्न व्हायचं होतं. ह्या बाई हेरवाडे, अविवाहित, घरी अंथरुणाला खिळलेली आई. कुणाला काय वाटेल याची यादी दोघांनीही मनात केलीच असणार, आणि मिरज केवढं आहे? चाचांनी नकार आणखी सात दिवस चालवला. अठराव्या दिवशी सकाळी आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "लाव." मग उठून दुकानाबाहेर गेले. ऐकू येत नसताना बाहेर जायचं काय कारण होतं, त्यांचं त्यांना ठाऊक.

मी सगळं सांगितलं.

"ते काही म्हणाले का?" उज्ज्वला हेरवाडेंनी विचारलं.

"नको म्हणाले. सात दिवस."

त्या हसल्या. "फोनवर बोटं सांगता येत नाहीत हो. मी येते. परवाच्या गाडीनं."

परवा म्हणजे विसावा दिवस. दुपारी बारा वाजता त्या दुकानात आल्या, खांद्याला पिशवी, केस आखूड कापलेले, पायात बूट. चाचा इस्त्रीचा शर्ट घालून दहापासून बसले होते. उठून उभे राहिले. दोघांनी नमस्कार केला. बाईंनी काहीतरी म्हटलं, आणि चाचांनी सवयीनं मोबाइल पुढे केला; बाईंचा चेहरा उतरला. ज्या माणसाला आपण वर्षभर ऐकायला शिकवलं, त्यानं आपलं बोलणं वाचून घ्यावं हे त्यांना लागलं असावं.

"माझी परतीची गाडी साडेचारची आहे," त्या मला म्हणाल्या. "बसू या?"

त्या बसल्या. कीबोर्डकडे नीट बघून, एकेक बटण निरखून मारलं. चूक. आठवी.

"बघितलं की विसरायला होतं," त्या घाबऱ्या होऊन म्हणाल्या. "इन्स्टिट्यूटमध्ये बाई आमच्या हातांवर फडकं टाकायच्या."

मी इकडेतिकडे बघितलं. फडकी आहेत माझ्याकडे, पण सगळी तेलकट. चाचांनी टेबलावरची गवसणी उचलली, बाईंच्या हातांवर पसरली, आणि समोर जाऊन बसले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. गवसणीखाली बोटं चालली, थांबली नाहीत. शेवटचं बटण दाबलं तेव्हाही त्या खाली बघत नव्हत्या.

चौकट गेली. पंखा फिरला. पडद्यावर निळा रंग आला आणि मग केंद्राचं जुनं पान: *शिकलगार दस्तगीर. बैठका: ११८.*

मी ओरडलेच. चाचांनी पडदा बघितला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

मला मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून खात होती. पडल्यानं असा नकाशा जात नाही. तो कानातल्या पक्क्या जागेत कोरलेला असतो, वीज गेली तरी राहतो. मग यांचाच कसा पुसला? म्हणून मी नोंदींचं पान उघडलं आणि वाचत गेले.

त्रेसष्ट बैठकांपर्यंत सगळं भरगच्च. अमुक दिवा खाली, तमुक वर, पेशंट म्हणतो चढा, पेशंट म्हणतो आता जमलं. चौसष्टाव्या बैठकीपासून पेशंटचे शब्द चालू होते: *अजून कसर आहे. जरा फरक पडला. उद्या बघू.* पण बदलाच्या रकान्यात शून्य. पासष्टला शून्य. सत्तरला शून्य. प्रत्येक ओळीपुढे बारीक अक्षरात 'सराव' लिहिलेलं. सराव म्हणजे नव्या तंत्रज्ञांना शिकवायची सोय; बटणं फिरतात, नकाशा हलत नाही. अशा पंचावन्न बैठका. आणि सगळ्यात तळाशी: *पेशंटची मान्यता: नाही. नकाशा तात्पुरत्या जागेत.*

नकाशा बरोबर आहे असं पेशंटनं स्वतःच्या बोटानं मान्य करायचं असतं. मग तो पक्का कोरला जातो, कुलूपबंद होतो आणि काम संपतं. चाचांनी ते बटण बारा वर्षांपूर्वी दाबलंच नव्हतं. दाबलं असतं तर चार पायऱ्या काय, चाळीस पडले असते तरी कान गेले नसते.

मी मान वर केली. बाई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी हळूच मान हलवली. वाचून दाखवू नकोस, अशी. मी पान बंद केलं. मला एवढंही कळत नाही असं नाही.

"भरा," मी म्हटलं.

बाईंनी नकाशा कानात भरला. चाळीस सेकंद लागले. चाचा मांडीवर तंबोरा घेऊन बसले होते. पडद्यावर 'पूर्ण' आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि तार छेडली. मग दुसरी. मग जोड. सुताचा दोरा दोन बोटांत धरून केसभर वर सरकवला, आणि जवारी उघडली. माझ्यासारख्या गाण्यातल्या औरंगजेबालासुद्धा कळलं की काहीतरी उघडलं. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी ते पुसलं नाही. हात वाजवत राहिला.

पडद्यावर प्रश्न आला होता: *नकाशा बरोबर आहे का?* खाली दोन बटणं. *मान्य* आणि *अजून बदल.* मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी संपत होती.

"शिकलगार," बाई म्हणाल्या. "आता कसं वाटतंय?"

तंबोरा थांबला. त्यांनी तो आवाज ऐकला. वाचला नाही, ऐकला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हळू आवाजात. "तवाबी बरोबर हुतं, मॅडम. साठाच्या पुढं-मागंच लागलं हुतं सगळं. मी तुमच्याशी खोटं बोललो. रोज वाटायचं, आज सांगावं. पण बरोबर म्हटलं की बैठका संपल्या. मग तुम्ही कशाला समोर बसायला येताय?"

"मला माहीत होतं."

चाचांनी तंबोरा मांडीवरून खाली ठेवला.

"त्रेसष्टाव्या बैठकीनंतर मी नकाशाला बोट लावलं नाही," बाई म्हणाल्या. "नुसती बटणं फिरवायची. तुम्ही म्हणायचात, जरा फरक पडला. मी घरी जाऊन हसायचे. आईला सांगून हसायचे. पुढं पुढं हसायला येईना, तुम्ही उद्या 'बरोबर' म्हणालात तर काय, याची भीती वाटायला लागली."

"मग बोलला का न्हाई?"

"तुम्ही बोललात?"

बारा वर्षांत मिरज-बार्शी गाडी किती वेळा गेली-आली असेल. मला त्या दोघांचा राग आला, अगदी खरा राग, आणि त्याच वेळी रडूही यायला लागलं, म्हणून मी ड्रॉवरमधले स्क्रू नीट लावायला घेतले.

चाचांनी बोट पडद्याजवळ नेलं आणि थांबवलं.

"हे दाबलं की काम संपलं," ते म्हणाले. "मग तुम्हाला थांबा म्हणायला माझ्याकडं काय कारण ऱ्हात न्हाई."

"कारणं लावून लावूनच बारा वर्षं गेली आपली," बाई म्हणाल्या. "तुम्ही दाबा. कान तर वाचू देत."

"आन् साडेचारची गाडी?"

"गाडी उद्याही असते."

चाचांनी 'मान्य' दाबलं. मशीन क्षणभर घुटमळलं आणि मग केंद्राची जुनी सूचना आली: *नकाशा कायम झाला. बैठका समाप्त. कृपया पुढील पेशंटसाठी खोली रिकामी करावी.*

कुणीच हललं नाही. ते दोघं हलणार नव्हते हे उघड होतं. दुकान माझं होतं, पण मीच उठले, दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मुश्ताक गल्लीतून रेश्माला कडेवर घेऊन येत होता. त्याला हातानंच थांब म्हटलं. आतून बराच वेळ तंबोरा काही वाजला नाही. दोघं नुसते बोलत होते.